गुरुजींचे नऊ डोंगे

आमच्या शेजारच्या गुरुजींना पोहता येत नव्हतं, आणि त्यांच्या अंगणात नऊ डोंगे होते. डोंगा म्हणजे अख्खा ओंडका कोरून केलेली होडी. तलावावर मासे धरणाऱ्या धिवराच्या घरी एखादा असायचा. मास्तराच्या घरी नऊ! स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील, आमच्या चंद्रपूर जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. जंगलखात्यातल्या नाकेदाराशी लग्न होऊन मी नागभीडजवळच्या त्या गावी आले. पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडे एक धोतरवाला माणूस उपड्या लाकडाला कान लावून बसलेला दिसला. म्हटलं, झालं, वेड्याच्या शेजारी येऊन पडले!

गुरुजी नवा डोंगा कधीच घ्यायचे नाहीत. "नव्यानं अजून पानीच नाई पाह्यलं, पोरी," मला म्हणायचे. "जुन्याच्या खोड्या आधीच समजतेत." विकायला आलेला डोंगा आधी बोटांनी ठोकायचा, मग कान लावायचा आणि मालकाला विचारायचं, "हा कोनाले पाडते का?" मालक म्हणाला, कधीच नाही, की गुरुजी हात झटकून उठायचे. ज्यानं कबूल केलं की एकदा मेव्हण्याला पाडलं होतं, त्याचा डोंगा अंगणात उतरायचा. एकदा तर सायकल देऊन डोंगा आणला आणि पुढची दोन वर्षं शाळेच्या कामाला तालुक्याला पायी गेले.

प्रत्येकाला नाव होतं. मोहाच्या लाकडाचा जडशीळ तो 'मामंजी'. ढकलल्याशिवाय हलत नाही तो 'तहसीलदार'. आणि सावरीचा हलका, वाऱ्याबरोबर झुकत जाणारा, ती 'नवरी'. नवरीवर गुरुजींचा भारी जीव. रविवारी दोन बांबूंना घरातली चादर बांधायची, ती धरून डोंग्यात सरळ उभं राहायचं आणि वारा नेईल तिकडे तलावभर सुसाट! धोतर फडफडतंय, टोपी गेली, काठावर सगळी शाळा ओरडतेय. पंचवीसदा तरी पडले असतील. धिवर बाहेर काढायचे, आणि हे ओलेचिंब उभे राहून सांगायचे, "आज वारा चुकला, डोंगा नाई!" एकदा मीही बसले. देवाशपथ सांगते, इतकी मी आयुष्यात कधी हसले नाही.

त्यांच्या बाई मात्र कधी बसल्या नाहीत. धान वाळवायला अंगण उरलं नव्हतं हे त्यांचं कायमचं दुखणं. कुसुमचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा बाईंनी निकालच लावला. "अहो कुसुमचे बाबा, मांडव कुठी घालू? माह्या डोक्यावर? एक ठेवा, बाकीचे देऊन टाका. माह्या गळ्याची शपथ घ्या." गुरुजींनी शपथ घेतली. चार दिवसांत अंगण मोकळं झालं, मामंजी तेवढा उरला. बाईंनी आनंदानं सडा घातला.

मला खरं ठाऊक होतं. लाकूड उन्हानं तडकू नये म्हणून धिवर उन्हाळ्यात डोंग्यात दगड भरून तो तलावात बुडवून ठेवतात. गुरुजींना पहाटे दगड नेताना मी पाहिलं होतं. मला बघून त्यांनी हात जोडले. "पोरी, बोलू नको. देववलेच नाई मले." मी कुणाला सांगितलं नाही. बाईंना कळलं असतं तर भर लग्नात काय झालं असतं!

वऱ्हाड आदल्या संध्याकाळी आलं. पाहुण्यांना मरळ मासा आवडतो म्हणून गुरुजींनीच धिवरांना हौसेनं सांगून ठेवलं होतं. धिवरांनी मास्तरांच्या प्रेमापोटी तलावाचं तोंडच उघडलं, म्हणजे पाणी उतरेल आणि मासे भरपूर मिळतील. सकाळी व्याही-विहीण तलावाच्या पाळीवर, बांधावर, फिरायला निघाले, सोबत बाई, मी आणि गुरुजी. पाहतो तर चिखलात म्हशी बसाव्यात तसे ओळीनं आठ डोंगे! गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंनी बोटानं मोजले. आठ. मग नवऱ्याकडे पाहिलं. व्याह्यांनी विचारलं, "हे काय वं, बाई?"

बाईंनी पदर सारखा केला. "आंदन आहे पोरीचं. वाळलं तं तडकते, म्हनून भिजवून ठेवलं." आणि गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "पाहून काय राह्यले? चांगला निवडून द्या तिले. तुमच्यावानी पारखी कोन आहे इथी?"

इतक्या वर्षांत बाईंनी पहिल्यांदा त्यांना पारखी म्हटलं होतं. गुरुजी धोतर खोचून चिखलात उतरले आणि नवरीच बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी एका बैलबंडीत कुसुम, दुसरीत डोंगा, आणि गुरुजी ढसाढसा रडताहेत. "लेकीसाठी का डोंग्यासाठी?" धिवरांनी चिडवलं. "दोघीइसाठी, बापा!" म्हणाले. बाकीचे सात डोंगे पुन्हा अंगणात मामंजीशेजारी आले, आणि बाईंनी ब्र काढला नाही.

पुढे आमची बदली झाली. गुरुजी गेल्याचं कळलं तेव्हा बाईंना भेटायला मी गेले. आम्ही ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात एक माणूस बंडीत जुना डोंगा घालून दारात आला. गुरुजी नाहीत हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला परत पाठवायला उठले, तर बाई माझ्या आधी खाली उतरल्या. त्यांनी लाकूड ठोकलं. कान लावला.

"हा कोनाले पाडते का?"

"एकदा माह्या बापाले पाडलं, बाई," तो माणूस ओशाळून म्हणाला.

"मंग उतरव."

"कुठी ठेवू?"

बाईंनी बोट दाखवलं. "तिथी. धान वाळवतो ना, तिथी."