माशीमा, टॅब बंद करू नका!

“माशीमा, टॅब बंद करू नका! कुणाला हातसुद्धा लावू देऊ नका!” मी फोनवर एवढ्यांदा ओरडले की आमच्या एस्प्लनेडच्या ऑफिसात सगळ्यांच्या माना वळल्या.

माशीमा म्हणजे बंगालीत मावशी. बागबाजारच्या या निवृत्त शिक्षिका आमच्या गेमच्या सगळ्यात चिवट खेळाडू. गेममध्ये आपली गल्ली वसवायची, घरं बांधायची, माणसं आणायची, त्यांना नावं द्यायची. माशीमा स्वतःची लहानपणीची गल्ली वसवत होत्या. सिलिगुडीला त्यांची थोरली बहीण असते, दीदी. गुडघ्यांपायी तिला घर सोडता येत नाही. ती रोज फोनवर एकेक शेजारी आठवून सांगायची आणि माशीमा त्याला गल्लीत आणून ठेवायच्या. त्या दिवशी दीदीने नव्या फोनवर पहिल्यांदाच ती गल्ली बघायला घेतली, तर उघडेचना! माशीमांच्या टॅबवर मात्र सगळं ठणठणीत.

मी सर्व्हर तपासला आणि तडक माशीमांना तो फोन लावला. खेळाडूची अख्खी गल्ली एका लांबलचक मजकुराच्या रूपात डेटाबेसच्या एका रकान्यात ठेवलेली असते. त्या रकान्यात साधारण पासष्ट हजार बाइट मावतात. जास्त झालं की आमच्या जुन्या सेटिंगमुळे डेटाबेस हूं की चूं न करता शेपूट छाटून टाकतो, आणि शेपूट नसलेला मजकूर गेमला वाचताच येत नाही. माशीमा कित्येक दिवस गेम बंदच करत नव्हत्या, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. बॅकअपही सगळे छाटलेलेच. गल्लीची धड प्रत फक्त त्या टॅबमध्ये, तीही गेम चालू असेपर्यंत.

“एवढं भरलं कशानं?” माझे बॉस सोमनाथदा म्हणाले.

मी नावांची यादी उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. इथे बंगाली माणसांत प्रत्येकाला दोन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावरचं ते भालोनाम, घरात हाक मारायचं ते डाकनाम. डाकनामाचा रकाना सोमनाथदांनीच हट्टाने घालायला लावला होता. मी पडले साताऱ्याची, नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आलेली. ‘ऐच्छिक तर आहे, कोण भरतंय!’ म्हणून टेस्टिंग करताना मी तो रिकामा सोडला, आणि भालोनामात ए, बी, सी टाकून मोकळी झाले. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, बंगालीला तीन. माशीमांनी प्रत्येकाची दोन्ही नावं बंगालीत भरली होती. मांजरीचीसुद्धा.

“रकाना मोठा करून घे,” सोमनाथदा म्हणाले.

“ज्यांच्यासाठी गेम केला त्या क्लायंटचे डेटाबेसवाले म्हणतात, दुर्गापूजा होईपर्यंत डेटाबेसच्या टेबलाला हात लावायचा नाही.”

“मग मजकूर दाबून लहान कर.”

“दादा, त्या आणखी नावं आठवतीलच की. किती दिवस पुरणार? मी तुकडे करते.”

“टॅबची बॅटरी कशी आहे?”

“टिकत नाही म्हणाल्या.”

“मग इथे काय बसलीयस? लॅपटॉप उचल आणि जा!”

मेट्रोने श्यामबाजार गाठलं, तिथून पाय उचलत बागबाजार. माशीमा टॅबसमोर पहाऱ्याला बसल्या होत्या. चार्जरची पिन सैल म्हणून तिच्यावर जाडजूड डिक्शनरी ठेवलेली. मी पंख्याचं बटण दाबायला उठले तरी त्या डिक्शनरी धरायच्या.

“मांजरीला भालोनाम कशाला, माशीमा?” मी टायपिंग करता करता विचारलं.

“का? तिला मान नाही?”

आता उपाय. प्रत्येक खेळाडूला गेम साठवायला तीन खण दिलेले असतात. टेबलात मात्र खणाला कुठलाही नंबर चालतो. मी सर्व्हरचा कोड असा बदलला की मजकूर मोठा झाला तर त्याचे तुकडे एकशे एक, एकशे दोन अशा खणांत ठेवायचे आणि वाचताना क्रमाने जोडायचे. पडद्यावर तीनच खण दिसतात, खेळाडूला पत्ताही लागत नाही. पहिल्या चाचणीत एक बंगाली अक्षर मधोमध कापलं गेलं, कारण मी बाइट मोजून कापत होते. अक्षरं मोजून कापायला लागले, तेव्हा जमलं. मधे मी चार वेळा उठले, दोनदा येरझाऱ्या घातल्या आणि माशीमांनी पुढे ठेवलेले सहा संदेश, म्हणजे इथले छेन्याचे पेढे, संपवले.

सोमनाथदांनी ऑफिसातून नवा कोड सर्व्हरवर चढवला. “माशीमा, आता ‘सेव्ह’ दाबा.”

त्यांनी डोळे मिटून दाबलं. मग दीदीला फोन लावला.

दीदीने आपल्या फोनवर गल्ली उघडली. पलीकडून एकदम किंकाळीच आली, “अगं, बाबा दारात उभे आहेत! आणि मांजरही!”

दोघी एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. खरं सांगते, मलाही आवरेना.

निघताना माशीमांनी मला थांबवलं. गल्लीत एक नवं माणूस आणलं. भालोनाम टाकलं माझं, नीलिमा. “डाकनाम काय तुझं?”

“आमच्यात नसतं. एकच नाव.”

“आई गं, बिच्चारी!” म्हणत त्यांनी स्वतःच टाकलं, फोडिंग. म्हणजे नाकतोडा. एका जागी बसत नाही म्हणून.

तो तात्पुरता कोड अजून चालू आहे, तात्पुरते कोड चालूच राहतात. धडा एवढाच, की टेस्टिंगला आपल्या सोयीचं नव्हे, माणसं भरतील ते भरावं. हल्ली मीटिंगमध्ये कुणी “ऐच्छिक रकाना आहे, कोण भरतंय?” म्हणालं की सोमनाथदा मान वर न करता म्हणतात, “फोडिंगला विचारा.”