पुस्तक मोकळं झालं

आमच्या रत्नागिरीच्या वाचनालयातले ग्रंथपाल कुणी कुजबुजलं तरी ओठांवर बोट ठेवतात. हापूसच्या कलमांवरचं एक जुनं, बाजारात न मिळणारं पुस्तक मला अख्खं झेरॉक्स करून हवं होतं. दरवर्षी त्यांचं एकच उत्तर, "लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली, की पुढच्या एक जानेवारीपासून कॉपीराइट संपतो, पुस्तक सगळ्यांचं. तोवर वाईच कळ काढा."

यंदा एक जानेवारीला सकाळीच त्यांचा फोन. "अहो, या लवकर! पुस्तक मोकळं झालं!"

गेलो, तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून मशीनपाशी उभे. पहिलं पान बाहेर येताच त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. पेपर वाचणारे सगळे माना वर करून बघायला लागले. शेवटी मीच ओठांवर बोट ठेवलं.

"आज नाही हो!" म्हणाले, आणि दुसरं पान उचललं.