पर्ससीनवाल्यांनी वापरू नये

प्रितेश आमच्या परळच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतो. कफ परेडच्या मच्छीमार नगरातला कोळी. बोलण्याचा त्याला भारी कंटाळा, त्यामुळे त्याच्याकडून काही काढून घ्यायचं तर माझ्यासारखी भोचक बाईच हवी.

त्याने वडिलांसाठी, दत्तूकाकांसाठी, एक प्रोग्राम लिहिला होता. उधाण कधी, भांगाची मंद भरती कधी, पाणी केव्हा चढणार, सगळं तिथीनुसार मराठीत. काका तो रोज बघत. इतरांनाही मिळावा म्हणून प्रितेशने तो मुक्त सॉफ्टवेअर गोळा करून वाटणाऱ्या एका स्वयंसेवी मंडळाकडे पाठवला. त्यांनी तो नाकारला. का, ते विचारल्याशिवाय मला कुठलं चैन पडायला!

लायसन्समधली एक ओळ नडली होती: 'पर्ससीनवाल्यांनी वापरू नये.' पर्ससीन म्हणजे माशांची अख्खी झुंड एका फेऱ्यात उचलणारं अवाढव्य जाळं. पर्ससीनवाल्यांमुळे काकांची होडी कितीदा रिकामी परतते. ती ओळ काकांनीच घालायला लावली होती.

"मग बरोबरच आहे की! तुझा प्रोग्राम, तुझी अट," मी म्हटलं.

"अख्खा माझा कुठेय? भरतीचं गणित दुसऱ्याच्या कोडमधून घेतलंय. त्याची अट आहे, वापरा, बदला, वाटा, पण पुढे कुणावर नवी बंदी घालायची नाही."

"मग गणित स्वतः लिही."

"लिहू शकतो गं. पण ते देताना त्याने मला विचारलं होतं का, तू कोण म्हणून?"

  खरं सांगते, मला त्या कोडवाल्याच्या अटीचा रागच आला. असल्या उदारपणाचा फायदा लुटारूंनीही घ्यायचा म्हणजे काय?

बरेच दिवस घुटमळून शेवटी एका दुपारी प्रितेशने ती ओळ पुसली. काका काय म्हणतात ते बघायला मी रविवारी मुद्दाम त्याच्या घरी गेले. काका दारात जाळं सांधत बसले होते. प्रितेशने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. काकांनी हातातलं काम थांबवलं आणि फोन पुढे केला.

"माजे फोनानशी काढ ते."

"बाबा, तुझ्यासाठीच केलेलं ना."

"व्हतं माज्यासाठी. आता त्यांचं पन हाय. काढ."

प्रितेशने काढलं. तो प्रोग्राम आता कुणालाही मिळतो. ज्याच्यासाठी लिहिला, फक्त तोच वापरत नाही.