गुरुजींची अर्धी पत्रिका

आमच्या पाळकांचं प्रवचन दीड तास चालतं. पत्र्याखाली, दीड तास. मी गुरुजींबरोबर कबड्डीच्या मैदानांवर सुवार्तेच्या पत्रिका वाटायला का जायचो, याचं खरं कारण एवढंच. मंडळीत मात्र माझं नाव झालं होतं. ‘तरुणांना सुवार्तेचं असं ओझं पाहिजे,’ असं पाळक भर उपासनेत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि मान खाली घालून नम्र दिसण्याची खटपट करत होतो.

मंडळी म्हणजे आम्ही तीस-पस्तीस माणसं. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत भांड्यांच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतलेली. गुरुजी तिथे पोलादपूरहून एसटीने यायचे. निवृत्त प्राथमिक शिक्षक. डोंगरावरच्या वाड्यांमधून आयुष्यभर शिकवलेलं. बायको गेलेली, एकुलता मुलगाही गेलेला, एवढं आम्हाला ठाऊक. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. उजेड कळायचा, हलणारं कळायचं, चेहरे कळायचे नाहीत. गुडघ्यांसाठी अधूनमधून सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून यायचे आणि म्हणायचे, “चला, अजून दहा मैदानं निघतील.”

थंडी पडली की आमच्याकडे गावोगाव कबड्डीच्या स्पर्धा लागतात, आणि त्या बहुतेक रविवारी. गुरुजी त्यातली एकही सोडत नसत. पाळकांना ते खटकायचं. एकदा जिन्यात त्यांनी गुरुजींना गाठलंच.

“गुरुजी, सुवार्ता शनिवारीही सांगता येते. रविवार देवाच्या घरचा.”

“माहीत आहे,” गुरुजी म्हणाले. “तो माझ्याइतका कोणी पाळला नसेल.”

मी मागे उभा राहून हसू दाबत होतो. मला वाटलं, म्हातारा आपल्यासारखाच आहे, प्रवचन चुकवतोय.

मैदानावर आमची जागा फाटकापाशी. गुरुजी कागद पुढे करायचे, मी पिशवी धरायचो. येणारेजाणारे काही गप्प बसत नसत.

“काय गुरुजी, कुणाचं लगीन हाय?”

“माझ्या धन्याचं आहे. तू पण ये.”

“जेवान काय?”

“आधी वाच तर.”

दुसरा कोणी माझ्याकडे वळायचा. “काय रे, एका कागदामागं किती डॉलर सुटतात?”

“डॉलर सुटले असते तर या चपला घातल्या असत्या काय?” मी पाय वर करून अंगठ्यापाशी शिवलेला पट्टा दाखवायचो. लोक हसायचे. लोक हसले की मला आपण मोठं काम केलं असं वाटायचं.

इतरांच्या पत्रिकांवर सूर्योदय असतो, कबुतर असतं, आणि खाली जाड अक्षरांत ‘तुम्ही कुठे जाणार?’ असं विचारलेलं असतं. गुरुजींची पत्रिका त्यांनी स्वतः लिहिलेली होती. साधा पांढरा कागद, मधोमध घडी, वर मथळा: ‘माझ्या मुलाविषयी’. हजार प्रती छापून घेतल्या. नंतर ती प्रेस पुराच्या पाण्यात गेली, तिचा संगणकही गेला. गुरुजींच्या माळ्यावर होत्या तेवढ्याच पत्रिका जगात उरल्या.

“पुन्हा लिहा ना,” मी एकदा म्हणालो.

“एकदा लिहायला तीन महिने लागले रे. आता नाही लिहवत.” मग म्हणाले, “हजारांतला एक माणूस शेवटपर्यंत वाचील ना? एक पुरे.”

“एक काय, हजार वाचतील,” मी म्हणालो. मी स्वतः वाचली नव्हती. हलवाई कुठे आपली जिलेबी खातो? वरच्या चार ओळी पाहिल्या होत्या. खाली शास्त्रवचन असणार असा माझा अंदाज.

वाटून झालं की गुरुजी दोरीला धरून उभे राहायचे आणि मला विचारायचे, “चढाईला कोण गेला रे?”

आता माझं कबड्डीचं ज्ञान म्हणजे सात माणसं एकाला पाडतात, एवढंच. पण जीभ आहे. मी सांगत सुटायचो. “गेला, गुरुजी, उंच आहे, केस वाढवलेत. कोपऱ्यातल्याला लाथ, दोघं बाद! अजून आत गेला. पकडला… नाही, निसटला!” प्रत्यक्षात तो गडी कधीच परत आलेला असायचा आणि माझं लक्ष भज्यांच्या गाडीकडे. एकदा तर मी म्हणालो, “समोर दोघंच उरलेत, आणि मारला बोनस!”

गुरुजी हळूच म्हणाले, “दोघं असताना बोनस नसतो रे. सहा लागतात.”

“पंच चुकले, गुरुजी. काय करणार, हल्लीचे पंच.”

“असं होय,” ते म्हणाले. “बरं, पुढे सांग.”

महाडच्या मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना आला, तेव्हा माळ्यावरचे उरलेले दोन गठ्ठे गुरुजींनी पिशवीत घातले. “हे शेवटचे. दोन माझ्यासाठी ठेव. विसरू नको.”

“तुमचं म्हणजे देवाचं वचन, गुरुजी.”

त्या दिवशी चमत्कार झाला. एरवी शंभर जणांपुढे हात केला तर दहा घेतात. पण त्या संध्याकाळी गॅलरीतली पोरं वरून स्वतःहून हाका मारायला लागली. “ओ मामा, इकडं द्या! मला चार! ह्याला पन द्या!” मी पायऱ्या चढून मुठीमुठीने वाटत गेलो. जागृती म्हणतात ती हीच, असं मला वाटलं. रविवारी मंडळीत साक्ष द्यायला उभा राहिलो की काय काय बोलायचं, ते मी तिथेच मनात जुळवलं. शेवटी एक जण म्हणाला, “अजून हायत काय?” पिशवीच्या तळाशी दोन होत्या. पोरगा एवढ्या हौसेने हात पसरून उभा होता. भज्यांचा घाणाही बंद व्हायच्या बेतात होता. दिल्या.

खाली येऊन सांगितलं, “संपल्या, गुरुजी. ओढून घेतल्या लोकांनी.”

गुरुजींनी दोरी दोन्ही हातांनी धरली. “वाचतायत?”

“डोळ्यांत पाणी आहे एकेकाच्या,” मी भजं गिळत म्हणालो.

शेवटची चढाई आमच्याच चाळीतला एक गडी करत होता. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, एमआयडीसीत टेम्पो चालवणारा. तो तिघांना घेऊन मधल्या रेषेवर पडला, शिट्टी झाली, महाड जिंकलं. आणि गॅलरीतून पांढरं उधळलं. फाडलेले कागद! पोरांनी त्यासाठीच तर मागून घेतले होते. दिव्यांच्या उजेडात आमची सगळी जागृती भिरभिरत खाली येत होती.

“पांढरं काय उडतंय रे?”

माझ्या तोंडात भजं तसंच राहिलं. “फुलं, गुरुजी.”

“कबड्डीला फुलं?”

“पाकळ्या आहेत. शेवंतीच्या. जिंकले ना.”

त्यांच्या खांद्यावर एक तुकडा पडला. त्यांनी तो चिमटीत धरला, बोटांत फिरवला, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. चाळीस वर्षं वह्या हाताळलेली बोटं ती. “बरं,” म्हणाले. “चल, एसटी मिळेल अजून.”

दुसऱ्या दिवशी आयोजकांनी मला बोलावून घेतलं आणि हातात खराटा दिला. “तुमचं कागद, तुम्हीच उचला.” मी दुपारपर्यंत मैदान झाडलं. बहुतेकांच्या चिंधड्या झालेल्या. एक तेवढा घडीवर नीट फाटून वरचा अर्धा भाग शाबूत होता. तो मी पाकिटात ठेवला. कशाला ठेवला, माहीत नाही. लाज वाटली म्हणून असेल.

पत्रिकेच्या तळाशी म्हणे लिहिलं होतं: ‘मैदानं संपली की मी रविवारी दुपारी घरी असतो. कोणीही चहाला या.’ म्हणून मैदानं संपल्यावर गुरुजी रविवारी घरी बसू लागले. मी भेटीला जायचो. आजाऱ्याची भेट हेही प्रवचन चुकवण्याचं मान्य कारण आहे. टेबलावर तीन कप उपडे मांडलेले, ताटलीत खारी. दारासमोरून कोणी गेलं की गुरुजी मान उचलायचे. “कोण आहे?”

“कोणी नाही, गुरुजी. वाटेने गेला.”

पाच वाजले की म्हणायचे, “खारी तू खा रे. मऊ पडेल.” मी खायचो. असे सहा-सात रविवार मी ती खारी खाल्ली. शेवटी शेवटी ती घशाखाली उतरेना. तेव्हा मी माझ्या परीने उपाय काढला, आणि माझे उपाय माझ्या चुकांहून वाईट असतात.

चाळीतल्या त्या टेम्पोवाल्या खेळाडूला मी पकडलं. पाकिटातला अर्धा कागद त्याच्या हातात दिला. “एवढं वाच. गुरुजींकडे जायचं, म्हणायचं, पत्रिका वाचली, मन भरून आलं. चहा प्यायचा नि यायचं.”

“दादा, मी देव बदलनार नाय हां.”

“कोण बदल म्हणतंय? खारी खा आणि ये.”

रविवारी गुरुजी नुसते उजळले. त्यांनी भराभर कप सुलटे केले. खेळाडूने पाठ केलेलं म्हटलं, “गुरुजी, तुमची पत्रिका वाचली. मन भरून आलं.”

“शेवटपर्यंत वाचलीस?”

“व्हय तर.”

“मग तो मला काय म्हणाला, ते आठवतं ना?”

खेळाडूने माझ्याकडे पाहिलं. त्या अर्ध्या कागदावर असं होतं: मुलगा एकवीस वर्षांचा, कबड्डी खेळायचा, एका रविवारी सामना जिंकून मोटारसायकलवरून परतताना हायवेवर अपघातात गेला. शेवटची ओळ होती, ‘त्या सकाळी घरातून निघताना तो मला म्हणाला,’ आणि तिथे कागद फाटला होता.

“म्हनला… जातो म्हनला,” खेळाडूने ठोकून दिलं.

गुरुजींनी खारीची ताटली त्याच्यापुढे सरकवली. मग मला म्हणाले, “दूध कमी आहे रे. जरा घेऊन येतोस?”

दूध भरपूर होतं. तरी मी गेलो. पुढचं दुकान बंद म्हणून त्याच्या पुढच्या दुकानात गेलो, उगाच वेळ काढला. परत आलो तेव्हा दोघं शेजारी बसले होते. खेळाडूचे डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता त्याने कप धुतले, पुसले, जागेवर ठेवले. एसटीत मी विचारलं, “काय, बाप्तिस्मा ठरला काय?”

“दादा, तू जरा गप ऱ्हा,” तो म्हणाला.

त्यानंतर तो दर रविवारी एकटाच जायचा. मला कोणी बोलवेना. मीही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे दोन पत्रिकांचं आणि शेवंतीच्या पाकळ्यांचं सगळंच काढावं लागलं असतं.

गुरुजी पुढच्या थंडीत, स्पर्धा लागायच्या आत, प्रभूत झोपी गेले. दफनभूमीत मंडळीची तीस माणसं, पाचसात जुने विद्यार्थी, आणि मागे टेम्पोवाला खेळाडू, त्याच्या अंगात संघाची जर्सी. कदाचित तेवढाच धड शर्ट असेल.

पाळक मला म्हणाले, “तुम्ही त्यांचे जोडीदार. दोन शब्द बोला. त्यांची ती पत्रिकाच वाचा, सर्वांना बरं वाटेल.”

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? मी पाकिटातून तो तुकडा काढला आणि वाचू लागलो. मुलाचं वाचलं, कबड्डीचं वाचलं, हायवेचं वाचलं. ‘त्या सकाळी घरातून निघताना तो मला म्हणाला,’ इथपर्यंत आलो आणि थांबलो. लोकांना वाटलं मला गहिवर आला. बायका डोळे पुसू लागल्या. मला काय आलं होतं ते मलाच माहीत. हजार कागदांची पिशवी मी वाहिली होती, आणि पुढची ओळ मला येत नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“म्हनला, बाबा, आज तरी बघायला या.”

खेळाडू पुढे आला होता. हात बांधून, शाळेत उभं राहतात तसा उभा. “गुरुजींनी त्याचा एक पन खेळ बघितला नव्हता. त्ये म्हनले, आज रविवार हाय. देवाचं घर सोडून मी मैदानावर यायचा नाय. पोरगा बरं म्हनला नि गेला. मग गुरुजी लिव्हतात का, देव त्या दिवशी मैदानावर होता नि मी देवळात बसून होतो. तवापासून मी मैदानावर जातो. तुमचा पोरगा खेळत असंल तर आधी जाऊन त्याचा खेळ बघा. मग चहाला या.” त्याने बांधलेले हात सोडले. “एवढंच हाय. संपलं.”

पाळकांनी मान खाली घातली. आम्ही माती टाकली.

फाटकाबाहेर मी त्याला गाठलं. “त्यांना कळलं होतं का रे? कागद फाडल्याचं?”

“त्याच दिवशी. खिशात तुकडा हुता. मला दाखवला.”

“मला का बोलले नाहीत?”

“म्हनले, त्याला वाईट वाटंल.” तो टेम्पोकडे निघाला, मग वळला. “अजून एक सांगू? म्हनायचे, त्याला कबड्डीतलं काय पन कळत नाय. पन सांगतो छान. डोळं मिटून ऐकलं का वाटतं, आपलाच खेळतोय.”

टेम्पो गेला. मी तिथेच उभा राहिलो. उंच गडी, वाढवलेले केस, कोपऱ्यातल्याला लाथ. दोन हिवाळे मी त्या माणसाला त्याच्या मुलाचा खेळ सांगत होतो, आणि त्यातली एकही चढाई मी पाहिलेली नव्हती.