मातीला येऊ नको

मार्थामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुरकुंभला कंपनीच्या गेटवर होते, पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती. खरं सांगते, रडू नाही आलं. आधी भीती वाटली. आता शिरूरला आईला कळवायचं... आणि आई आली नाही तर? थोरली बहीण दौंडात पेटीत निजलेली आणि धाकटी घरात बसून राहिलेली, हे डोळ्यांपुढं आलं. कारण ‘माझ्या मातीला येऊ नको’ असं मावशीनंच आईला बजावलं होतं.

ते माझ्या लग्नात. आम्ही ख्रिस्ती, लग्न चर्चमध्ये, पण हळद मात्र साऱ्या गावासारखीच वाजतगाजत. सासरकडच्या बायकांना हळद लावायला पुढं बोलावताना आईनं मावशीला मागं बसवलं, का तर ती विधवा. लोक काय म्हणतील, एवढंच आईच्या डोक्यात. जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं ती मावशी ताडकन उठली. बोलायला ती पहिल्यापासून फटकळ. भर मांडवात ओरडली, “शालू, आजपासनं तू मला मेलीस! मी मेले तरी माझ्या मातीला येऊ नको!” आई हळदीची वाटी धरून खाली मान घालून उभी राहिली. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

पुढं मला कुरकुंभला नोकरी लागली आणि सुट्टीच्या दिवशी मी दौंडला मावशीकडे जाऊ लागले. ही वेगळीच बाई झाली होती. भाजीवालीशी घासाघीस करता करता मध्येच दचकायची, ओठ घट्ट मिटून सांगेल त्या भावानं भाजी घ्यायची. चर्चमध्ये प्रभुभोजनाचं तबक बाकावरून सरकत तिच्यापर्यंत आलं, की भाकरीला हात न लावता ते शेजारणीच्या हाती द्यायची. मंडळीत कुजबुज, म्हातारी देवावर रुसली म्हणून. एकदा मीच वैतागून विचारलं, “काय गं हे तुझं?” तिचा चेहरा इतका उतरला की मी घाबरले.

“प्रभूची भाकर ह्याच तोंडात घ्यायची ना, बाई? त्यात आधीच तो शब्द बसलाय. गिळता येईना, थुकता येईना... लई भ्या वाटतं गं.”

चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला समजावलं होतं, आधी बहिणीशी समेट करा, मग या. प्रभू तर केव्हाच क्षमा करून बसलाय. “प्रभू करंल,” ती म्हणायची, “शालू करंल का?” मी फोन लावून द्यायचे, आणि पलीकडं रिंग वाजली रे वाजली की ही कापून टाकायची. “तीबी तसंच बोलली तर? मग मी कुठं तोंड लपवू?” इकडं शिरूरला आईचं एकच टुमणं, “तिच्या तोंडून ऐकू दे, मग जाते.” दोघी मेल्या भित्र्या! आईला तो शब्द लागला होता, नाही असं नाही. पण तिचं खाणंपिणं, हसणं चालू होतं. मावशी मात्र आतून खंगत गेली. शेवटच्या आजारात पाण्याचा घोट घेतला की विचारायची, “शालू यील का गं मातीला?” मी म्हणायचे, “येईल की.” आणि मनात म्हणायचे, प्रभू, मला खोटं पाडू नको.

आई आली. चौफुल्यावरून येणाऱ्या एसटीनं आली, पण कबरस्तानाच्या फाटकाशी थबकली. “मी हितंच हुबी ऱ्हाते. तिनं न्हाई म्हणलंय.” आत पेटी खाली सोडायची तयारी चाललेली, गाणं संपत आलेलं. माझं डोकंच फिरलं.

“नको येऊस! मग उद्या माझ्याबी...”

आणि मी थांबले. माझ्या कानांवर मावशीचाच आवाज पडला होता, तोच चढ, तोच ठसका. महिना होत आला, पण ते अर्धं वाक्य आठवलं की अजून छाती धडधडते.

आई डोळे फाडून माझ्याकडं बघत होती. “बोल की म्होरं.”

“न्हाई बोलायचं मला. मला भीती वाटतीये, आई. तू चल.”

माझा दंड धरून ती आत आली. लोकांनी वाट करून दिली. तिनं माती उचलली, पण हात काही पुढं होईना. मूठ छातीशी धरून ती कबरीवर वाकली, आणि मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, “ताई, आले गं मी. तुझं न्हाई ऐकलं.”

मग तिनं मूठ उघडली.