मी थांबते, तुम्ही करा

आमच्या वहिनीइतकं छान गप्प बसणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. हे मी कौतुकानं म्हणतेय. नणंदेनं भावजयीचं कौतुक केलं की लोक त्यात खोच शोधतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता गंमत बघा. ही बाई जन्मभर रेडिओवर बोलली. निवृत्त झाल्यावर शाळाशाळांतून शिक्षकांना शिकवत फिरते. आणि शिकवते काय, तर वर्गात प्रश्न विचारल्यावर स्वतःचं तोंड बंद कसं ठेवायचं ते. मी एकदा सोबत म्हणून गेले होते. एकेका शिक्षकाचा जीव नुसता कासावीस होत होता. प्रश्न विचारून होतो न होतो, तोच उत्तर त्यांच्याच तोंडून निसटायचं. वहिनी मागच्या बाकावर बसून मान हलवायची आणि म्हणायची, "परत."

हे सगळं ती शिकली कुठे, तर माझ्या स्वयंपाकघरात. ते कुणाला ठाऊक नाही. म्हणून मीच सांगते.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हाच रेडिओ केंद्रात इंजिनिअर होती. माझा दादाही इंजिनिअर, वीज कंपनीत. घरात दोन-दोन इंजिनिअर, पण न्हाणीघरातला गळका नळ शेवटी मी बसवला, आणि मी तर शिवणकाम करणारी बाई. ते दोघं वरच्या मजल्यावर राहायचे, मी खाली. पण जेवण सगळ्यांचं माझ्याकडेच, कारण वहिनीला स्वयंपाकात काडीचाही रस नव्हता आणि मला तिच्या हातचं खाण्यात नव्हता.

केंद्रावर तिचं काम यंत्रांच्या खोलीत. त्या काळी टेप मध्येच तुटायची, निवेदकाला डुलकी लागायची, आणि रेडिओ एकदम मुका व्हायचा. केंद्राचे प्रमुख, म्हणजे साहेब, या प्रकाराला इतके घाबरायचे की रेडिओ जरा गप्प झाला की खोलीतून धावत बाहेर यायचे. "रेडिओवर शांतता म्हणजे अपघात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वहिनीनं त्यावर एक यंत्र तयार केलं. आवाज बंद पडून काही सेकंद गेले की घंटा वाजायची आणि आपोआप बासरीची टेप सुरू व्हायची. सगळे त्याला 'राखणदार' म्हणायचे. राखणदाराला थोपवायचं तर एकच उपाय होता. त्याचं लाल बटण कुणीतरी दाबून धरायचं. बोट काढलं की तो पुन्हा जागा. कायमचं बंद करायची सोयच वहिनीनं ठेवली नव्हती. "ठेवली तर कुणीतरी बंद करून विसरून जाईल," ती म्हणाली. साहेब इतके खूश झाले की त्यांनी राखणदारासोबत आपला फोटो काढून घेतला आणि वहिनीला त्यात उभं करायचं विसरले.

पुढे एकदा एका शाळेची मुलं केंद्र बघायला आली. त्यांना आवाज हवेतून कसा जातो हे सांगायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून वहिनीला पुढे केलं. तिनं काही सांगितलंच नाही. मुलांच्या हातात तारा दिल्या, एक जुना स्पीकर दिला आणि म्हणाली, "आवाज काढून दाखवा." मुलांनी दंगा करत करत काढला. साहेब दारात उभे होते. मुलांचा विज्ञानाचा कार्यक्रम तेव्हा एक प्राध्यापक करायचे. ते इतकं संथ बोलायचे की मुलांच्या आधी आया झोपायच्या. त्यांची बदली झाली आणि साहेबांनी तो कार्यक्रम वहिनीला दिला.

पहिल्या कार्यक्रमाची तालीम माझ्याकडे झाली. ती आतल्या खोलीत दार लावून बसली, मी ओट्यापाशी. तिनं मोठ्यानं वाचायचं, मी ऐकून प्रयोग करायचा. रेडिओवर एकमेकांना बघता येत नाही, म्हणून दार बंद.

"ग्लास घ्या आणि असा धरा," दारामागून आवाज आला.

"असा म्हणजे कसा?" मी ओरडले.

आत कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "सरळ धरा. काठोकाठ पाणी भरा. वर जाड पुठ्ठा ठेवा, तळहातानं दाबा, ग्लास उलटा करा, हात काढा. पाणी पडलं नाही ना? कारण खालून हवा..."

मी अजून पुठ्ठा शोधत होते. तिची हवा वर ढकलून मोकळी झाली, तरी माझा ग्लास उलटा व्हायचा होता. घाईघाईत केला आणि सगळं पाणी माझ्या पायावर. दार उघडून ती बाहेर आली, फरशीकडे बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, तुमचे हात फार सावकाश चालतात." मला डिवचायचं असलं की ती अशी वन्सं म्हणायची.

माझं डोकंच फिरलं. "माझे हात ठीक आहेत. मशीनवर बसले की बघ कसे चालतात. तुझंच तोंड घाईत आहे. करायला सांगतेस आणि करायला वेळच देत नाहीस!"

 ती फडकं घेऊन खाली बसली आणि फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लावलं. या वेळी प्रत्येक सूचनेनंतर म्हणायची, "मी थांबते, तुम्ही करा." आणि खरोखर थांबायची. माझं झालं की मी "झालं!" म्हणून हाक द्यायची, मग ती पुढे. पुठ्ठा ग्लासाला चिकटून राहिला, थेंब पडला नाही, आणि एवढी मोठी घोडी मी तिथंच नाचले. मला शाळेत कुणी असं काही करू दिलं नव्हतं. नुसतं पाठ करायला लावलं होतं.

कार्यक्रम थेट जायचा. वहिनीनं छान सुरुवात केली. मग म्हणाली, "आता ग्लास उलटा करा. मी थांबते, तुम्ही करा." आणि थांबली. घरी मी ग्लास उलटा धरून उभी, आणि रेडिओवर बासरी सुरू!

तिच्याच राखणदारानं तिला गाठलं होतं. मुलांच्या नादात बाई स्वतःचं यंत्र विसरली होती. गावभरच्या पोरांना वाटलं, संपला कार्यक्रम. केंद्रावर महिनाभर तिची टर उडवली. ती जिन्यात दिसली की कुणीतरी तोंडानं बासरी वाजवायचं. साहेबांनी बोलावून बजावलं, "बाई, थांबणं बंद. मुलं घरी काही करत नसतात, ती ऐकतात. तुम्ही सांगत चला."

मग ती सांगत राहिली. लोक म्हणायचे, आवाज छान आहे. ती मात्र घरी येऊन ताटावर नुसती बसून राहायची. एकदा म्हणाली, "ऐकून कळल्यासारखं वाटतं, तेवढंच. मी त्या प्राध्यापकांसारखीच झालेय गं. बायका झोपत नाहीत, एवढाच फरक." मला तेव्हा तिची फार दया आली. आणि साहेबांचा राग आला, तो तर विचारूच नका.

शेवटी ती साहेबांकडे गेली आणि स्पष्ट बोलली. मुलांसाठी थांबू देणार नसाल तर माइक तुमचा तुम्हाला, मी आपली यंत्रांच्या खोलीत बरी. साहेब म्हणाले, "पलीकडे एक तरी मूल काही करतं, हे दाखवा मला. 'करत असतील' हे चालणार नाही."

आता हे दाखवायचं कसं? बोलणारा इकडे आणि ऐकणारा भिंतीपलीकडे. वहिनी कितीतरी दिवस त्यात बुडून गेली. रस्ता दाखवला दादानं, तोही नकळत. जेवताना तो ऑफिसातलं काहीतरी सांगत होता. "आमच्या वीज मोजायच्या काट्यावर गाव काय करतंय ते सगळं कळतं. रेडिओवरचं नाटक संपलं की लोक उठतात, खोल्यांतले दिवे लावतात, आणि काटा चढतो."

वहिनीचा घास हातातच राहिला. मग ती हसायला लागली. दादा बिचारा भाजीत काही पडलंय का ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांना म्हणाली, "मी मुलांना दिवे बंद करायला सांगते. डोळ्यांचा प्रयोग आहे. अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी होते, उजेड झाला की लहान. पण डोळ्यांना वेळ द्यावा लागतो, म्हणजे मला गप्प राहावं लागेल. वीज कंपनीच्या काट्यावर फरक दिसेल."

"मला काटाबिटा नको," साहेब म्हणाले. "माझ्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. यंत्रांच्या खोलीला खिडकी आहे, समोर सगळी वस्ती दिसते. मी तिथे उभा राहतो. तुमच्या राखणदाराचं बटणही मीच धरणार, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. दिवे गेले नाहीत तर बोट काढीन. बासरी वाजेल, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"चालेल," वहिनी म्हणाली. "पण माझी नणंद तिथे असेल."

अशी मी त्या संध्याकाळी यंत्रांच्या खोलीत पोचले. हातात आरसा. एका बाजूला मोठी काच, तिच्यापलीकडे स्टुडिओत वहिनी. दुसऱ्या बाजूला खिडकी. माझं काम नेहमीचंच, प्रयोग करायचा. फक्त इथे ओरडायचं नव्हतं. माझे डोळे अंधाराला सरावले की मी खोलीतला दिवा लावायचा. काचेतून उजेड दिसला की वहिनी बोलायला लागणार. वर येताना तिनं माझा हात धरला होता. 

कार्यक्रम सुरू झाला. तिनं मुलांना आरसा आणायला सांगितलं, मोठ्या माणसांना सांगून ठेवायला सांगितलं. "रेडिओ बंद करायचा नाही हं, नाहीतर पुढचं कोण सांगणार? फक्त खोलीतले दिवे. सगळे घालवा. आता डोळे उघडे ठेवून नुसतं बसा. मी थांबते, तुम्ही करा."

तिनं स्टुडिओतला दिवा घालवला. मी आमचा घालवला. साहेबांनी अंगठ्यानं लाल बटण दाबलं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खिडकीबाहेर वस्ती होती तशीच, पिवळ्या चौकोनांनी भरलेली. एकही हलला नाही. साहेबांचा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हणत होते, घालवा रे, कुणीतरी घालवा. कुणीच घालवत नव्हतं. साहेबांनी खाली बटणाकडे बघितलं.

मग डावीकडची एक खिडकी गेली. मला वाटलं, कुणी झोपायला गेलं असेल. तेवढ्यात तिच्या खालची गेली. मग लांब, पाण्याच्या टाकीजवळ, दोन एकदम. मग समोरच्या इमारतीत इथे एक, तिथे एक. सगळं गाव काळंकुट्ट झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ दिवे होते तसेच राहिले. पण जे गेले ते मी पाहिले. त्या प्रत्येक अंधाऱ्या चौकोनात एक पोर डोळे ताणून बसलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि प्रयोगाचा पार विचका झाला.

डोळे पुसले तेव्हा खोलीतलं सगळं दिसायला लागलं होतं. टेबल, टेपची चाकं, साहेबांचा चष्मा. म्हणजे डोळे सरावले, माझं झालं. मी चाचपडत दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा, ताई." साहेब अगदी हळू बोलले. ते खिडकीला नाक लावून उभे होते, आणि अंगठा मागे बटणावर तसाच. "घाई करू नका. ती तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली बघा. तिथला दिवा आत्ता कुठे गेलाय. त्या मुलाचं व्हायचंय अजून."

आम्ही थांबलो. काचेपलीकडे वहिनी अंधारात बसून होती. इकडे काय चाललंय, याचा तिला पत्ताच नव्हता. तिला काय काय वाटून गेलं असेल ते मी आजही तिला विचारलेलं नाही. साहेबांनी अंगठा बदलला, दुसऱ्या हाताचा लावला, पण बटण सोडलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता लावा."

मी दिवा लावला. आरशात बघायचं होतं ते मी साफ विसरले आणि बघितलं साहेबांकडे. त्यांचे डोळे माझ्यासमोर होते, आणि त्यांतल्या मोठ्या काळ्या बाहुल्या भराभर लहान होत होत्या.

रेडिओवर वहिनीनं मुलांना दिवे लावून लगेच आरशात बघायला सांगितलं आणि मग विचारलं, "दिसलं?"

साहेब काचेकडे वळले आणि शाळेतल्या मुलासारखी जोरात मान हलवून म्हणाले, "हो, दिसलं."