साहेबांना विचारून सांगते

आमच्या गाडीचे टायर गेले हे मला पहिल्यांदा सांगितलं दूधवाल्यानं. सकाळी माप ओतता ओतता तो पोर्चकडे बघून म्हणाला, "माय, टायराले भेगा पडल्या तुमच्या. वावराले पडतात तशा." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस, टायर नवेकोरे आहेत, नक्षीसुद्धा झिजली नाही. मग चष्मा लावला, पदर खोचला आणि खाली वाकून पाहिलं. कडेच्या रबरावर बारीक बारीक भेगांचं जाळं होतं. बोट फिरवलं तर बोटाला कळत होतं.

आता गाडी म्हणजे साधीसुधी नाही बरं. काळी, लांबलचक, जर्मन. आमच्या ह्यांनी कापसाच्या जिनिंग कारखान्यातला आपला हिस्सा भावांच्या हवाली केला आणि उतारवयात एकच हौस केली, ती ही. गावात लोक हसले. ह्यांच्या एका मित्रानं तर पेढा तोंडात असतानाच विचारलं, "एवढ्या ताकदीची गाडी घेऊन तू जाशीन कुठं? राजापेठेत मेथी आणाले?" हे म्हणाले, "अकोल्याले जाईन."

आणि खरंच आम्ही अकोल्यालाच जायचो. तिथं ह्यांची थोरली बहीण, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, एकट्या राहतात. पंधरा दिवसांनी एकदा जायचं, आक्कांच्या हातची भाकर खायची, दिवे लागायच्या आत परत. मी त्या दिवसाची वाट बघायची, आणि त्याचं कारण आक्का नव्हत्या. कारण असं, की हे घरात बोलत नसत. मी बोलकी. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं मी पुड्यांचे कागद वाचून आणि लोकांशी बोलून शिकले. आणि नवरा असा मिळाला की माझ्या तासाभराच्या बोलण्याला एक "हं". पण बडनेरा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, की त्यांची जीभ सुटायची. हात स्टेअरिंगवर, नजर समोर, बायकोच्या तोंडाकडे बघायची गरज नाही, मग माणूस बोलायचा! लहानपणचं, भावांचं, कोणत्या वर्षी कपाशी कशी बोंडांनी लवली होती ते, आणि कधीकधी माझ्याबद्दलही. गाडीत आवाज म्हणून नव्हता. कंपनीनं दिलेले टायर काढून ह्यांनी मुद्दाम मऊ, शांत टायर घातले होते. मध्येच विचारायचे, "आवाज येते का?" मी कान देऊन सांगायची, "नाही." मग पुढची गोष्ट.

हे गेले आणि गाडी पोर्चमध्ये राहिली.

शेजारच्यांचा ड्रायव्हर म्हणाला होता, इंजिन रोज सुरू करत जा, नाहीतर बॅटरी बसेल. ते मी केलं. देवपूजा झाली की ह्यांच्या जागेवर बसायचं, गाडी सुरू करायची, थोडा वेळ गुरगुरू द्यायची, बंद करायची. फाटकाबाहेर नेली नाही. चालवता येत नव्हती असं नाही; जीप मी जिनिंगच्या आवारात शिकलेली, कापसाच्या ढिगांमध्ये, धडकलं तर कापसालाच धडकायचं. पण नेली नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लिंबू चिरडण्यापुरती गाडी पुढे घेतली. आणि सणासुदीला टायरांना जवसाचं तेल चोळलं. माझं माहेर धामणगावकडचं. आमच्याकडे बैलगाडीचं चाक, जू, घराची दारं, सगळ्याला जवसाचं तेल. लाकूड त्यानं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, तर रबर का नाही टिकणार, असा माझा हिशोब. टायर असे चमकायचे की बघत राहावं.

अकोल्याला मी बसनं एकदोनदा जाऊन आले. खिडकीशी गप्प बसून गेले, गप्प बसून आले. मग जाणंच सुटलं. आक्कांचा फोन यायचा, "काय वं, येत काहून नाई?" मी काहीतरी सांगायची.

मुलगा कॅनडात. टायरचं त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, चारी साधे टायर टाकून घे आणि देऊन टाक. नागपूरला एक माणूस आहे, तो बघायला यायला तयार आहे. तू एवढी गाडी ठेवून काय करणार?"

रागानं नाही बोलला तो. खरोखरच विचारत होता. मी म्हटलं, आधी टायर तर बघू दे.

गाडी फाटकाबाहेर काढली तेव्हा ती धबधब करत चालली. एकाच जागी उभी राहून टायर खालून चपटे झाले होते. तशीच हळूहळू टायरच्या मोठ्या दुकानात नेली. दुकानदार गडी अचलपूरचा, पोट सुटलेला, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि बोलण्यात मला भारी. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं टायरला नाक लावलं.

"हे काय लावलं?"

"जवसाचं तेल."

"टायराचे भजे तळाचे होते का काकू?"

सगळं दुकान हसलं. मीही हसले. किती दिवसांनी कोणी माझी टिंगल केली होती! रबराला तेल चालत नाही म्हणाला तो, तेल, ऊन आणि एका जागी उभं राहणं, तिन्हींनी मिळून टायर खाल्ले. मग कडेचे चार आकडे दाखवले. टायर कोणत्या सालच्या कोणत्या आठवड्यात बनला ते त्यात लिहिलेलं असतं म्हणे. हे मला ठाऊकच नव्हतं.

"साहेब नाही आले?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "कामात आहेत."

का म्हटलं? तोंडातून निघून गेलं. तो अनोळखी, मी अनोळखी, चारचौघांत कुठं ते सगळं सांगत बसायचं, असं काहीतरी मनात आलं असेल. पण त्यानं लगेच पुढचं विचारलं, "साहेब जोरात चालवतात का सावकाश?" आणि मी सांगायला लागले. सावकाश नाही चालवत, म्हटलं, पण गावातून जाताना शेळीलाही वाट देतात. ब्रेक हळू दाबतात. मूर्तिजापूरला चहा लागतोच, आणि चहा गाडीत आणलेला चालत नाही, उतरून प्यायचा. दुकानदार मान हलवून ऐकत होता. "शौकीन दिसतात साहेब." मी म्हटलं, "फार."

त्या दिवशी घरी येताना गाडीची धबधब मला ऐकू आली नाही.

दोन दिवसांनी मी परत गेले. सांगायला कारण होतं: त्या गाडीचे पुढचे टायर वेगळ्या मापाचे आणि मागचे रुंद. मी म्हटलं, "मंग हा ट्रॅक्टरच झाला की!" त्याला ते इतकं आवडलं की त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकालाही ऐकवलं. माल नागपूरहून मागवावा लागणार होता. दोन जाती त्यानं फोनवर दाखवल्या. दोन्ही बारमाही, ऑल-सीझन. मी विचारलं, बारमाही म्हणजे? तर म्हणे, ऊन, पाऊस, थंडी, सगळ्यात चालणारे. मी म्हटलं, बापा, आपल्याकडे एक उन्हाळा आणि दुसरा त्याच्यापेक्षा मोठा उन्हाळा. तो म्हणाला, "म्हणूनच काकू, रबर कडक उन्हाले टिकलं पाहिजे, आन् पावसात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आला तं घसरलं नाही पाहिजे."

पहिली जात मऊ आणि शांत, आधीच्या टायरांसारखी. दुसरी जात अशी, की तिची कड आतून जाड असते. हवा पूर्ण गेली तरी टायर बसत नाही, बेतानं चालवलं तर पुढच्या गावापर्यंत नेतो. पण कडक. खड्डा कळतो आणि सारखी घूं घूं ऐकू येते.

"साहेबाले कोणते पाहिजेत?"

"साहेबांना विचारून सांगते," मी म्हटलं.

हे वाक्य मी पुढे किती वेळा म्हटलं कोण जाणे. साहेबांना वॉरंटीचं विचारायचं आहे. साहेबांना तो दुसरा टायर एकदा हात लावून बघायचा आहे, पण वेळ नाही. साहेब म्हणाले, घाई करू नका. बाजारात जाताना त्या रस्त्यानं जायची, येताना तिथंच बसायची. तो चहा मागवायचा. साहेब काय म्हणतात, असं जगात विचारणारा तो एकच माणूस उरला होता, आणि तिथं बसले की साहेब काही ना काही म्हणत असायचे. इकडे मुलगा विचारायचा, आई, टाकले का टायर, नागपूरचा माणूस थांबून राहिला आहे. मी म्हणायची, माल आला नाही. मला कळत होतं बरं, मी काही वेडी नाही. टायर ठरले की दुकानात जायचं कारण संपणार होतं. आणि टायर बसले की गाडी राहणार की जाणार, तेही मुलाला सांगावं लागणार होतं.

शेवटी एक दिवस दुकानदारच कंटाळला. हात पुढे करून म्हणाला, "काकू, तुमाले निरोप सांगता सांगता त्रास होऊन राहिला. द्या साहेबाचा नंबर, मीच बोलतो."

नंबर माझ्या फोनमध्ये होता. अजून आहे. मी फोन काढला, हातात धरला.

"साहेब नाहीत," मी म्हटलं.

"मंग संध्याकाळी लावतो."

"संध्याकाळी पण नाहीत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग उठून बाहेर गेला, खर्रा थुंकला, चूळ भरली, परत येऊन खुर्चीत बसला. मला वाटलं आता हा काहीतरी समजुतीचं बोलेल आणि मी इथं सगळ्यांसमोर रडेन. पण आमची वऱ्हाडी माणसं, त्यानं सरळ विचारलं, "मंग हे टायर कोणासाठी पाहून राहिल्या इतक्या दिवसाच्या?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."

म्हणून झाल्यावर मला समजलं की हे खरं आहे.

तो म्हणाला, "मंग हिशोब वेगळा. रस्त्यात टायर बसला तं फोन कोणाले करान?"

आता हे बघा, एकदा मूर्तिजापूरच्या पुढे आमचा टायर बसला होता. ह्यांनी दोन फोन केले. एक जीप इकडून आली, एक तिकडून, ह्यांचे पाच-सहा मित्र उतरले, एकानं खिचडीची भांडी आणलेली, आणि टायर बदलायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ लोकांनी रस्त्याच्या कडेला जेवायला लावला. तशी माणसं होती. त्यातले काही गेले, काही मुलांकडे पुण्याला गेले, आणि तसंही ती ह्यांची माणसं. मी मनात सगळी नावं फिरवून आले. मुलाकडे तेव्हा रात्र असणार. आक्कांचे गुडघे गेलेले. राहिला दूधवाला.

"हवा गेली तरी चालणारे दे," मी म्हटलं.

"आवाज करतीन काकू. साहेबाले तं..."

"करू दे."

मुलाला मीच फोन केला. कोणते टायर घेतले ते त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे विकत नाहीयेस?"

"नाही."

"मग त्या माणसाला काय सांगू?"

"सांग, गाडी वापरात आहे."

टायर बसवले त्या दिवशी दुकानदारानं नारळ फोडला आणि बजावलं, नवीन टायर सुरुवातीला सावकाश चालवा, वरची चकाकी जाऊ द्या, मग पकड येते. मी तिसऱ्या दिवशी अकोल्याला निघाले. एवढ्या ताकदीची गाडी आणि मी बैलगाडीच्या चालीनं. लाल बस मला मागे टाकून गेली, खिडकीतली माणसं वळून बघत होती. कापसाचा टेम्पोसुद्धा पुढे गेला. आणि टायर खरंच आवाज करत होते, जातं फिरतं तसा, एकसारखा. मला वाटलं होतं बाजूची रिकामी जागा बघवणार नाही. पण ह्यांच्या जागेवर तर मी होते. रिकामी होती ती माझी जागा. हे मी घरातून निघताना धरलंच नव्हतं. मूर्तिजापूरला उतरून चहा घेतला, उभ्यानं.

आक्का ओट्यावरच बसलेल्या होत्या. गाडी पाहून उठायला लागल्या, गुडघा धरून परत बसल्या.

"कोणासंगं आली वं?"

"एकटीच आली."

त्यांनी तरी एकदा गाडीकडे पाहिलं, दुसऱ्या बाजूनं कोणी उतरतं का म्हणून. मग म्हणाल्या, "हात धू. भाकर टाकतो." दोघी जेवलो. आक्का मुळातच कमी बोलतात, भावासारख्याच. मी दुकानदाराची भज्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग बराच वेळ पदर तसाच राहिला. निघताना म्हणाल्या, "फोन करजो पोचल्यावर." म्हटलं, करते.

परतीला रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना तूर पिवळी झालेली. टायरची घूं घूं चालूच होती. बडनेरा जवळ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी मघापासून मोठमोठ्यानं बोलते आहे, त्या आवाजावर आवाज काढून: आक्का वाळल्या, भाकर मात्र तशीच करतात, मागच्या खोलीची भिंत ओलीनं फुगली आहे, तिचं काहीतरी केलं पाहिजे. शेजारून एक मोटारसायकलवाला जाताना माझ्याकडे बघून गेला. वाक्य अर्ध्यावर होतं. ते मी पुरं केलं.